घरच्या घरी विमान

स्मरणिका समितीने लेख मागितला, तेव्हा सोसायटीच्या २५ वर्षांचा इतिहास लिहा असा आग्रह होता. पण पाण्याची टाकी, पार्किंग आणि कन्व्हेयन्स डीड या तिन्ही विषयांवर माझ्याहून जास्त जाणकार मंडळींनी याच अंकात लिहिलं आहे. मी ३६ वर्षं बँकेत काढली आणि निवृत्तीनंतर एकच छंद जोपासला, तो म्हणजे विमानांविषयी वाचण्याचा. म्हणून इतिहासच लिहितो, पण घरी विमान बांधणाऱ्या माणसांचा. वाचकांना वाटेल की याचा गृहनिर्माण संस्थेशी काय संबंध? संबंध आहे. शेवटपर्यंत वाचलंत तर तो आपोआप कळेल.

सुरुवात आपल्या मुंबईपासूनच करू. कांदिवलीला चारकोप भागात पाच मजली इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. ते स्वतः व्यवसायाने वैमानिक. इमारत म्हणजे त्यांच्या एकत्र कुटुंबाचं राहतं घर. यंत्रसामग्री अरुंद जिन्याने वर चढवली, इंजिन परदेशातून आणलं. आधीचे दोन प्रयत्न जमले नव्हते, म्हणून या विमानाच्या नावातही तीनचा आकडा आहे : टीएसी-००३. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला, तिथे ते लोकांसमोर आलं. मीही नातवाला घेऊन पाहायला गेलो होतो. गर्दीत प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न : "हे उडतं का हो?"

उडायला वेळ लागला. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये आणि धुळ्याच्या विमानतळावर प्रत्यक्ष उड्डाण चाचणी झाली २०२० मध्ये. म्हणजे प्रदर्शनात लोकांनी पाहिल्यापासून आकाशात जाईपर्यंत चार वर्षं. आपल्याकडे कोणीही चटकन म्हणेल, "बघा, सरकारी लाल फीत!" त्यात तथ्य नाही असं नाही. पण सगळा दोष कागदांना देण्यापूर्वी जगात इतरत्र काय झालं ते पाहायला हवं.

पहिलं विमानही घरगुतीच होतं, हे आपण विसरतो. राइट बंधूंचं अमेरिकेत डेटन गावी सायकलचं दुकान होतं. त्याच दुकानात त्यांनी १९०१ मध्ये एक लाकडी खोकं बनवून त्यात पंख्याने वारा सोडला आणि पंखांचे सुमारे २०० छोटे नमुने त्यात तपासले. प्रत्येकाची नोंद वहीत. मोटार कंपन्यांकडे हवं तसं हलकं इंजिन मिळेना, तेव्हा त्यांच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत १२ अश्वशक्तीचं इंजिन तयार केलं. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकच्या वाळूवर पहिलं उड्डाण झालं : १२ सेकंद, १२० फूट. आपल्या सोसायटीच्या फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंतही नाही! पण त्या वेळी तिथे पाच साक्षीदार होते. त्यातले तीन जवळच्या जीवरक्षक ठाण्यावरचे होते. त्यांच्यापैकीच एकाने कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि ते छायाचित्र आज जगभर पाहिलं जातं.

मराठी माणसाला इथे तळपदे आठवल्याशिवाय राहत नाहीत. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मलाही ते खरं असावं असं फार वाटायचं. पण त्या उड्डाणाचा समकालीन, भरवशाचा पुरावा कोणी दाखवू शकलेलं नाही. या कथेशी ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचं नाव जोडतात, तो १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडण्याजोगी नाहीत, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासून दाखवलं. तळपद्यांच्या हौसेबद्दल आदर ठेवूनही म्हणावं लागतं की बँकेत व्हाउचर नसेल तर व्यवहार झाला असं धरत नाहीत. इतिहासातही तसंच आहे.

राइट बंधूंनी आपलं तंत्र पेटंट घेऊन जपलं. त्याच्या अगदी उलट स्वभावाचा माणूस म्हणजे पॅरिसमध्ये राहणारा ब्राझीलचा सांतोस-द्युमाँ. त्याने बांबू आणि रेशमी कापड वापरून 'देम्वाझेल' नावाचं इवलंसं विमान केलं आणि त्याचे आराखडे कोणालाही फुकट वापरू दिले. १९१० मध्ये 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकन मासिकाने ते छापले. आपल्याकडे दिवाळी अंकात आकाशकंदील कसा करावा हे छापतात, तसं तिथे विमान कसं करावं हे छापून आलं. हौशी विमानबांधणीचा खरा आरंभ मी इथून धरतो.

पुढचं नाव अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यातल्या बर्नार्ड पीटनपोल यांचं. हा माणूस यंत्रविद्या स्वतःच शिकलेला. त्याने १९२९ मध्ये लाकडी सांगाडा, त्यावर कापड आणि पुढे फोर्ड मोटारीचं इंजिन लावून दोन आसनांचं विमान उडवलं. मोटारीचं इंजिन विमानाला चालत नाही, असं तज्ज्ञ मंडळींचं मत होतं. त्याचे आराखडे १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावरून आजही लोक विमानं बांधतात.

इथवर सगळं गोड चाललं होतं. आता कडू भाग.

फ्रान्समध्ये आँरी मिन्ये नावाचा एक हरहुन्नरी माणूस होता. नेहमीचं विमान चालवताना हाताचा दांडा आणि पायाचे पेडल यांचा मेळ त्याला जमेना. म्हणून त्याने पेडलच काढून टाकले. पुढे एक पंख, त्याच्या मागे दुसरा पंख, आणि एकाच दांड्याने सगळं नियंत्रण. पुढचा पंख वर-खाली कलायचा, त्यावर विमानाचं नाक वर-खाली व्हायचं. सप्टेंबर १९३३ मध्ये ते उडालं. १९३४ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. ज्याला साधं खोकं ठोकता येतं त्याला विमानही बांधता येईल, असा त्या पुस्तकाचा सूर. विमानाचं नाव 'आकाशातली ऊ', इंग्रजीत 'फ्लाइंग फ्ली'. ऑगस्ट १९३५ मध्ये मिन्येने त्यातून इंग्लिश खाडी ओलांडली आणि इंग्लंडमध्ये या विमानाचं वेडच लागलं. गॅरेजमध्ये, परसात, मागच्या खोलीत शेकडो लोक पंखांच्या बरगड्या चिकटवत बसले.

मग माणसं मरायला लागली. विमान सूर मारायचं आणि परत वर यायचंच नाही. फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये अनेक जीव गेले. शेवटी १९३६ मध्ये दोन्ही देशांतल्या मोठ्या वाऱ्याच्या बोगद्यांत अख्खं विमान ठेवून चाचणी झाली. इंग्लंडमधली चाचणी फार्नबरो इथे झाली. निष्कर्ष असा : विमानाचं नाक साधारण १५ अंशांपेक्षा जास्त खाली गेलं, की वैमानिक जीव खाऊन दांडा मागे ओढतो. त्याने पुढचा पंख वर कलतो, पण पुढच्या आणि मागच्या पंखांमधल्या फटीतून हवा अशी घुसते की मागचा पंख आणखी उचलला जातो आणि नाक खालीच राहतं. म्हणजे वाचण्यासाठी केलेली कृतीच विमानाला खाली दाबून ठेवायची. ब्रिटिश सरकारने परवाने बंद केले. पुढे रचनेत दुरुस्त्या झाल्या आणि सुधारलेली विमानं नीट उडालीही, पण गेलेली माणसं गेली.

मिन्ये लबाड नव्हता. आपल्या विमानात तो स्वतः बसत होता, जीव धोक्यात घालत होता. पण त्याने आपलं विमान स्वतःच तपासलं आणि स्वतःच पास केलं. बँकेतली जी मंडळी हे वाचत असतील त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. एकाने व्हाउचर लिहायचं आणि दुसऱ्याने पास करायचं. लिहिणारा कितीही प्रामाणिक असो, पास करणारा वेगळाच लागतो. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि एकाच किल्लीने ती उघडत नाही. यात कोणाच्या सचोटीवर संशय नसतो. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, एवढाच साधा अनुभव त्यामागे आहे.

या धक्क्यानंतर घरगुती विमानांचा विषय कायमचा संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण हौशी लोक संघटित झाले. युद्धानंतर १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये हलक्या विमानांच्या हौशी लोकांची संघटना निघाली. सरकारने पुढे अशा विमानांची तपासणी करून शिफारस करण्याचं काम हळूहळू तिच्याकडेच सोपवलं. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी २६ जानेवारी १९५३ रोजी मिलवॉकी इथे काही मोजक्या लोकांची बैठक घेऊन 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' सुरू केली. तारीख आपल्या प्रजासत्ताक दिनाची, म्हणून माझ्या लक्षात राहिली. पहिली काही वर्षं संस्थेचं कार्यालय म्हणजे त्यांच्या घराचं तळघर, आणि कामाला त्यांच्या पत्नी ऑड्री. १९५५ मध्ये पोबेरेझ्नींनी एका मासिकात लेखमाला लिहिली : इंजिनासह ८०० डॉलरच्या आत विमान कसं बांधावं. सभासद वाढत गेले. आज त्यांचा मेळावा दरवर्षी ऑशकॉश इथे भरतो आणि सहा लाखांहून जास्त लोक येतात. आपल्या पंढरीच्या वारीची आठवण यावी अशी गर्दी, फक्त निम्मे वारकरी आकाशातून येतात!

त्या संस्थेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट मेळावा नव्हे. तिथे अनुभवी सभासद स्वयंसेवक म्हणून नवख्याच्या गॅरेजमध्ये जाऊन काम पाहतात. पंखाचं आवरण बंद करण्याआधी आतल्या बरगड्या, सांधे, तारा पाहून घेतात, कारण एकदा पंख बंद झाला की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही. बांधणारा रोजची नोंदवही ठेवतो, फोटो लावतो. हे सगळं विनामूल्य.

सरकारनेही वाट काढली. विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी स्वतः केलेलं असेल, तर त्याला 'प्रायोगिक' म्हणून मान्यता मिळते. मग सुरुवातीचे २५ किंवा ४० तास ठरलेल्या क्षेत्रातच उडायचं, प्रवासी न्यायचा नाही. हे विमान हौशी माणसाने बांधलेलं असून नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम पाळत नाही, अशी पाटी आत बसणाऱ्याला दिसेल अशी लावायची. मला ही पद्धत शहाणपणाची वाटते. "करू नका" असंही म्हटलेलं नाही आणि "काहीही करा" असंही नाही.

बांधण्याचं तंत्रही बदलत गेलं. १९७५ मध्ये बर्ट रुटान यांनी 'व्हॅरीईझी' विमान आणलं. फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने पनीर कापावं तसे कापायचे, त्यावर काचतंतूंचं कापड आणि राळ चढवायची. साचा नको, मोठी यंत्रं नकोत. त्यातूनच पुढे 'लाँग-ईझी' आलं. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने, म्हणजे एन.ए.एल.ने, १९८० च्या दशकात याच आराखड्यावरून एक विमान बांधून हे तंत्र शिकून घेतलं. नंतर १९९३ मध्ये त्यांचं स्वतःचं 'हंसा' विमान उडालं. हौशी माणसाच्या गॅरेजमधून सरकारी प्रयोगशाळेने धडा घेतला, असं उदाहरण विरळाच.

पत्र्याच्या विमानांत रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचं नाव मोठं. त्यांच्या आराखड्यांवरून आणि सुट्या भागांच्या संचांवरून घरी बांधून उडवलेल्या विमानांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आहे. एकेक विमान बांधायला दीड-दोन हजार तास सहज लागतात. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी काम करणाऱ्याची पाच-सात वर्षं त्यात जातात. अशा विमानात हजारो रिवेट असतात. आता रिवेट ठोकण्याची रीत ऐका. पत्र्याच्या एका बाजूने एक जण हवेच्या हातोडीने ठोकतो, तेव्हा दुसऱ्या बाजूने दुसऱ्याला जड लोखंडी ठोकळा दाबून धरावा लागतो, नाहीतर रिवेट बसत नाही. हात पोहोचेल तिथे एकट्याला भागवता येतं, पण बऱ्याच ठिकाणी दोघंच लागतात. त्यामुळे कित्येक विमानांत निम्म्या रिवेटमागे बायकोचा, मुलीचा नाहीतर शेजाऱ्याचा हात असतो. विमानावर नाव मात्र एकाचंच रंगवलेलं.

ज्यांना वाटतं की आता नियम आले, संघटना आल्या, धोका संपला, त्यांच्यासाठी एक घटना. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात विमान कोसळून गेले. विमान होतं लाँग-ईझी, दुसऱ्या कोणी बांधलेलं आणि त्यांनी विकत घेतलेलं. इंधनाची एक टाकी बदलून दुसरी चालू करण्याची कळ मूळ आराखड्यात वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेली होती. त्यामागे त्याचं काही कारण असेलही. पण उडता उडता ती फिरवायची तर मान आणि अंग वळवावं लागे, आणि तसं करताना विमानावरचा ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. एक कळ, हातभर इकडची तिकडे.

म्हणून मला कांदिवलीच्या त्या चार वर्षांबद्दल दोन्ही बाजूंनी वाटतं. एका बाजूला, प्रयत्न करणाऱ्याला कोणत्या दारावर जायचं ते स्पष्ट नसावं, हे देशाला शोभत नाही. दुसऱ्या बाजूला, सहा माणसं बसणारं यंत्र लोकांच्या घरांवरून जाणार असेल तर दुसऱ्या किल्लीशिवाय ते उघडू नये. आपल्याकडे कमी पडली ती मधली पायरी : बांधणाऱ्यांची आपली संघटना, जी नवख्याच्या गच्चीवर जाऊन बरगड्या तपासेल आणि सरकारलाही जिचा भरवसा वाटेल. माणूस एकटा आणि समोर एकदम सरकार, अशी गाठ पडली की वर्षं जाणारच.

आता आपल्या सोसायटीचं. पंपहाउसशेजारची खोली गेली कित्येक वर्षं गणपतीच्या मखराचे तुकडे, मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे रिकामे डबे सांभाळते आहे. आपल्याच सोसायटीतल्या तीन-चार कॉलेजच्या मुलांनी ती खोली कार्यशाळेसाठी मागितली आहे. विमान बांधायला नव्हे, घाबरू नका! त्यांना छोटी ग्लायडर, यंत्रमानव, सौर दिवे असलं काही करायचं आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत त्यावर आवाज, आग, विमा आणि "उद्या बोट कापलं तर जबाबदार कोण" या मुद्द्यांवर पाऊण तास चर्चा झाली आणि विषय पुढे ढकलला गेला. हे आक्षेप खोटे नाहीत. पण वर लिहिलेला शंभर वर्षांचा इतिहास सांगतो की मुलांना नाही म्हटलं तर ती काम थांबवत नाहीत, बंद दाराआड एकटी करतात. धोका तिथे जास्त असतो.

माझी सूचना अशी. खोली द्यावी. तिला दोन कुलपं लावावीत. एक किल्ली मुलांकडे, दुसरी आळीपाळीने एका ज्येष्ठ सभासदाकडे. दोघं असल्याशिवाय खोली उघडायची नाही. दारामागे नोंदवही टांगावी : आज काय केलं, कोणतं हत्यार वापरलं, कोणी पाहिलं, खाली दोन सह्या. अग्निशामक नळकांडं ठेवावं. दुपारी दोन ते चार ठोकठोक बंद. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपल्यात आहेत, शिवणाच्या मशीनचा कोणताही बिघाड काढणाऱ्या एक वहिनी आहेत, वीज मंडळातले दोघं आहेत. यांना विचारायला कोणी जात नाही, म्हणून ती विद्या घरातच राहिली आहे. त्यांनी आठवड्यातून एकदा अर्धा तास आत डोकावलं, तरी पुष्कळ आहे.

आपल्या संस्थेच्या नावात 'सहकारी' हा शब्द आहे. २५ वर्षं आपण तो पाणी, वीज आणि रंगकामासाठी वापरला. आता तो मुलांच्या कामीही यावा. येत्या सभेत हा विषय पुन्हा येईल तेव्हा दुसरी किल्ली सांभाळायला पहिलं नाव माझं लिहून घ्यावं. सकाळी दहा ते बारा मी मोकळाच असतो.